रंगरावांचा गुळगुळीत फ्लेक्स

एका जंगलात, जिथे सागाच्या झाडांपेक्षा फ्लेक्स जास्त होते, रंगराव नावाचे एक साळिंदर राहत होते.

मुलांनो, तुम्ही साळिंदर पाहिलेलं नसेल. पाठीवर हातभर लांब, काळेपांढरे काटे. राग आला की ते काटे फुलवतं आणि खुळखुळवतं. मग वाघसुद्धा ‘मी आपला सहज इकडून चाललो होतो’ असा चेहरा करून वाट बदलतो. देवाने एवढी चांगली सोय करून दिल्यावर दुसरा कुणीही सुखात राहिला असता. रंगराव राहत नव्हते.

कारण त्यांचा फ्लेक्स लागलेला नव्हता.

त्या जंगलाचा रिवाज असा, की वाढदिवस असेल तर पाणवठ्यावर फ्लेक्स लागलाच पाहिजे. फ्लेक्स नाही तर वाढदिवस नाही. आणि वाढदिवस नाही तर तुम्ही जन्माला आलात याला पुरावा काय? कोल्ह्याचा फ्लेक्स लागून गेला होता, ‘निष्कलंक चारित्र्य’ म्हणून. कासवाचा लागला होता, ‘वेगवान नेतृत्व’ म्हणून. अहो, एका गोगलगायीचासुद्धा लागला होता. ती एका मोठ्या गाडीला टेकून उभी होती. गाडी कुणाची होती हे आजवर कळलेलं नाही.

दुसरा रिवाज पहिल्यापेक्षा कडक होता. फ्लेक्सबद्दल कुणी खरं बोलायचं नाही. पाणवठ्यावर यायचं, मान वर करायची, “अगदी हुबेहूब” म्हणायचं आणि मग पाणी प्यायचं. कारण पुढच्या आठवड्यात आपलाही लागायचा असतो.

रंगराव रोज पाण्याला जात, सगळे फ्लेक्स बघत, सगळ्यांना हुबेहूब म्हणत. पण पाणी काही त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

“एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” त्यांची बायको कौसल्याबाई म्हणायची. “शेंदूर फासला की धोंडासुद्धा उजळ दिसतो. चला घरी.”

“तसं नव्हे गं,” रंगराव म्हणाले. “आजवर आपल्या बाजूने जो जातो तो खाली बघून जातो. काटा लागेल म्हणून. एकदा तरी कुणी मान वर करून माझ्याकडे बघावं, एवढंच.”

हे ऐकून कौसल्याबाई गप्प झाली. नवऱ्याला खरोखरच दुःख आहे हे कळलं की बायका गप्प होतात. नुसतंच खूळ असेल तर बोलतात.

तेव्हा रंगराव गेले बजाबा वानराकडे.

बजाबाकडे मोबाईल होता. जंगलात मोबाईल कुठून आला, असं विचारू नका. सहलीला आलेली माणसं फोटो काढताना हात लांब करतात, आणि वानरांचे हात त्याहून लांब असतात. तेव्हापासून बजाबाने उड्या मारणं सोडून फ्लेक्सचा धंदा धरला होता.

त्याने रंगरावांना एका दगडावर उभं केलं आणि फोटो काढला. मग मान तिरकी करून बघितला.

“दादा, तुमचं सगळं सामान फोटोत मावत नाही.”

“म्हणजे?”

“काटे बाहेर जातायत. आणि काळोख फार आलाय. डोळा कुठला आणि दगड कुठला, समजत नाही. पण तुम्ही काळजी करू नका. सगळं सुधारता येतं. ऑनलाइन असतं हल्ली. फुकट.”

अडचण एकच होती. त्या जंगलात रेंज फक्त उंबराच्या शेंड्यावर यायची. बजाबा मोबाईल घेऊन सरसर वर गेला. रंगराव खाली उभे राहिले. साळिंदराला झाडावर चढता येत नाही, आणि वानराला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. त्यामुळे पुढचं सगळं काम ओरडून झालं.

“दादा, आधी क्रॉप करतो. कडेचं कापून टाकतो.”

“काप.”

“ब्राइटनेस वाढवू?”

“वाढव की.”

“गाल जरा गुलाबी करू? सगळे करतात.”

“सगळे करतात तर कर.”

“डोळे?”

“ते आहेत तसे राहू देत,” रंगराव म्हणाले. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “नाहीतर कर थोडे मोठे.”

वर बराच वेळ खुडबुड चालली. मग बजाबाचा आवाज आला. “दादा, अंग मऊ करायचं एक बटण आहे. दाबू का?”

रंगराव विचारात पडले. जन्मात त्यांना कुणी मऊ म्हटलं नव्हतं. त्यांच्या आईनेसुद्धा त्यांना लांबूनच वाढवलं होतं. लग्नात आहेर देणाऱ्यांनी आहेर काठीला बांधून पुढे केला होता. मऊ. त्या एका शब्दाने त्यांना भरून आलं.

“दाब,” ते हळूच म्हणाले.

“काय? ऐकू नाही आलं.”

“दाब म्हणतो ना.”

बजाबाने दाबलं. आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. मोबाईलवर एक गोल चाक फिरायला लागलं. वानराच्या बोटांना धीर कसा तो माहीत नसतो. त्याने परत दाबलं. चाक फिरतच होतं. त्याने आणखी दाबलं. तेवढ्यात खालून रंगरावांनी विचारलं, “दाबलंस का?” म्हणून एकदा दाबलं. मग “झालं का?” विचारलं, म्हणून परत दाबलं. मग त्याला राग आला, म्हणून रागाने बरंच दाबलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. फांदी वाकली. रेंज आली. आणि जेवढ्या वेळा दाबलं होतं तेवढं सगळं एकदम लागू झालं.

वरची खुडबुड थांबली.

“काय झालं रे?” रंगरावांनी विचारलं.

“काही नाही दादा. चांगलं आलंय,” बजाबा म्हणाला. “जरा जास्तच चांगलं आलंय.”

त्याला ते मागे घेता आलं असतं. तसंही एक बटण असतं. पण ते दाबायलाही रेंज लागते, आणि ती परत गेली होती. शिवाय फोटोत मोकळी जागा फार दिसायला लागली होती. म्हणून बजाबाने त्यात मोबाईलमधलीच, बिनरेंजची एक सोन्याची साखळी घातली आणि तसाच एक काळा गॉगल लावला. गॉगल लावला की फोटोत काही चुकलंय असं वाटत नाही.

फ्लेक्स छापला कुठे हे विचारू नका. गोष्टीत सगळं विचारायचं नसतं. तो पाणवठ्यावर लागला, एवढं खरं.

फोटोत एक प्राणी होता. गोरापान, गुबगुबीत. अंगावर काटा नाही, केस नाही, सुरकुती नाही. उकडीच्या मोदकाला गॉगल लावावा तसा. खाली लिहिलं होतं, ‘कंदमुळांचे कैवारी, जंगलाचे आशास्थान, सर्वांचे लाडके रंगरावदादा यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’. साळिंदर हे आडनाव क्रॉपमध्ये गेलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात, ‘दादा शुभेच्छांचा स्वीकार करतील. उद्या दुपारी चार वाजता, मोठ्या वारुळामागे. कृपया हारतुरे आणू नयेत. मोकळ्या पोटी यावे’.

कौसल्याबाईने बराच वेळ फ्लेक्सकडे पाहिलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण हा कोण?”

“मी.”

“बरं. मग तुमचा कधी लागणार?”

खरं सांगायचं तर रंगरावही आधी चपापले होते. बजाबाने दुसऱ्याच कुणाचा फोटो लावला असं त्यांना वाटलं होतं. पण तेवढ्यात मुकुंदा मुंगूस आला. जंगलात एकही फ्लेक्स असा नव्हता ज्याच्याखाली मुकुंदाने पहिलं ‘हुबेहूब’ म्हटलं नव्हतं.

“वा दादा,” तो म्हणाला. “अगदी हुबेहूब. विशेषतः नाक.”

मग ससे आले, भेकर आलं, रानडुकरांचं कुटुंब आलं. सगळ्यांनी मान वर केली. सगळे हुबेहूब म्हणाले. रंगराव प्रत्येकाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि प्रत्येकाचं ऐकलं. संध्याकाळपर्यंत त्यांची खात्री पटली, की फोटो बरोबर आहे. पाण्यातल्या प्रतिबिंबाचाच ब्राइटनेस कमी आहे.

आणि इथे, मुलांनो, रंगरावांनी ती चूक केली जी फ्लेक्स लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी करतो. त्यांनी ठरवलं, की आता आपण फोटोसारखं दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाभळीचा डिंक गोळा केला. तो पाण्यात कालवला. आणि एकेक काटा खाली दाबून डिंकाने अंगाला चिकटवून टाकला. वरून पांढरी माती फासली.

“अहो, काय चालवलंय हे?” कौसल्याबाईने विचारलं. “फोटो आपल्यासारखा काढायचा असतो, का आपण फोटोसारखं व्हायचं असतं?”

“एवढे लोक फोटो बघून येणार. त्यांचा हिरमोड करू?”

“आणि कुणी अंगावर आलं तर?”

“वाढदिवसाला कोण अंगावर येतं? तुला फ्लेक्समधलं काही कळत नाही,” रंगराव म्हणाले आणि डिंक वाळावा म्हणून उन्हात जाऊन बसले.

आता एका पाहुण्याची ओळख करून देतो. टेकडीपलीकडे दौलतराव नावाचा एक बिबट्या राहत होता. मोठा, शिस्तीचा, खवय्या. तरुणपणी त्याने एका साळिंदरावर झडप घातली होती. नाकात काटा घुसला तो पावसाळा संपेपर्यंत निघाला नाही. तेव्हापासून साळिंदर दिसलं की तो दुसरीकडे बघायचा.

तो आदल्या रात्रीच पाणवठ्यावर येऊन गेला होता. त्याने मान वर केली. तो परक्या भागातला, त्याला रिवाज माहीत नव्हता. तो हुबेहूब म्हणाला नाही. “अहाहा,” म्हणाला.

इतका मऊ प्राणी त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. सोलायचं नाही, निवडायचं नाही. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. आणि खाली पत्ताही लिहिलेला. वेळही लिहिलेली. वर ‘मोकळ्या पोटी यावे’ असा आग्रह. दौलतरावाला वाटलं, काय वळण आहे या जंगलाला.

चार वाजता वारुळामागे मंडळी जमली. रंगराव दगडावर बसले होते. डिंक कडक वाळला होता. मानही हलत नव्हती, पण ती रुबाबात ताठ आहे असं दिसत होतं. मुकुंदा पुढे होऊन भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात झुडूप हललं आणि दौलतराव आत आला.

कुणी पळालं नाही. पळायला आधी पाय हलावे लागतात.

“नमस्कार,” दौलतराव म्हणाला. “शुभेच्छा द्यायला आलो होतो. चार वाजले ना?”

रंगराव सवयीने काटे फुलवायला गेले. पाठीतून नुसता ‘कट्’ असा आवाज आला. एकही काटा उठला नाही. त्यांनी परत जोर लावला. परत कट्. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याजवळ आता देवाने दिलेलं काहीच उरलेलं नाही.

“दादा कुठायत?” दौलतरावाने विचारलं.

मुकुंदा मुंगसाचं तोंड आपोआप उघडलं. बिचाऱ्याचा दोष नव्हता. वर्षानुवर्षांची सवय. “हे काय,” तो म्हणाला, “अगदी हुब—”

कौसल्याबाई त्याच्या मागेच उभी होती. तिने डिंक लावलेला नव्हता. तिने आपला सगळ्यात लांब काटा मुकुंदाच्या पाठीत टोचला.

“—हुबळीला गेलेत,” मुकुंदा म्हणाला.

“हुबळीला? वाढदिवस सोडून?”

“मोठ्या लोकांना कामं असतात,” कौसल्याबाई शांतपणे म्हणाली.

दौलतरावाची नजर दगडावर गेली. “आणि हा कोण?”

“हा होय,” ती म्हणाली. “हा आमचा गडी.”

गप्प राहिले असते तर तिथेच मिटलं असतं. पण गडी हा शब्द रंगरावांना झोंबला. एका दिवसापूर्वी सगळं जंगल मान वर करून त्यांच्याकडे बघत होतं. जीव जाईल हे त्यांना कळत होतं. तरीही त्यांना राहवेना. फ्लेक्स लागलेल्याचं असंच असतं.

“नीट बघा,” ते म्हणाले. “जरा लांबून बघा. गॉगल नाहीये म्हणून, नाहीतर...”

कौसल्याबाईने डोळे मिटून घेतले.

दौलतराव लांब झाला. त्याने डोळे बारीक केले. काल रात्री पाहिलेला फोटो आठवला. रंगरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याला हसू आलं. आधी मिशीतल्या मिशीत आलं, मग पोट धरून आलं.

“तू? अरे, तो कुठे आणि तू कुठे. ओल्या घोंगडीला पीठ फासल्यासारखा दिसतोस. मालकांची नक्कल करतोस होय?”

बिबट्या हसल्यावर सगळे हसले. हसणं भाग होतं. त्या हसण्याने रंगरावांना जेवढं लागलं तेवढं बिबट्याच्या दातांनीही लागलं नसतं, असं त्यांना वाटलं. अर्थात दात अजून लागलेले नव्हते, म्हणून तसं वाटलं.

“गमतीचा गडी आहे,” असं म्हणत दौलतरावाने त्यांच्या पाठीवर थाप मारायला पंजा उचलला. पंजा पाठीवर पडला असता तर काटे मेलेले आहेत हे त्याला कळलं असतं. मग गडी तर गडी, संध्याकाळची तर सोय झाली, असा विचार त्याने केलाच असता.

“हात नका लावू हं,” कौसल्याबाई म्हणाली. “साळिंदर आहे ते.”

पंजा हवेतच थांबला. दौलतरावाने नकळत नाक चोळलं. त्याने रंगरावांकडे पाहिलं. रंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते एवढ्या बारीक आवाजात बोलले की तो आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

“मालक आले की सांगतो, साहेब.”

“सांग,” दौलतराव म्हणाला. “म्हणावं, खास टेकडीपलीकडून आलो होतो. आणि मी थांबतो. मधे दुसरं काही खाणार नाही. एवढी चीज खायची तर तोंड खराब करायचं नाही.”

आणि तो खरोखरच पाणवठ्याशेजारच्या खडकावर मुक्काम ठोकून बसला.

डिंक निघायला तीन दिवस लागले. काटे मोकळे झाले तसे रंगराव तडक पाणवठ्यावर गेले. त्यांना तो फ्लेक्स फाडायचा होता. पण त्यांच्या आधी सगळं जंगल तिथे येऊन उभं होतं.

“दादा, असं करू नका,” मुकुंदा मुंगूस म्हणाला. “तो बिबट्या तुमच्या फोटोसाठी उपाशी बसलाय. उपासाला चालतात म्हणून नुसती रताळी खातोय. फोटो गेला तर तो रताळी सोडेल आणि आम्हाला धरेल.”

ससे रडायला लागले. भेकराने पिल्लाला पुढे केलं. रंगराव मनाने वाईट नव्हते. ते परत फिरले.

तेव्हापासून रोज दौलतराव विचारायचा, “आले का मालक हुबळीहून?” आणि रंगराव सांगायचे, “निघालेत म्हणे.” पाऊस असला तर पुलावर पाणी आहे म्हणायचे. पाऊस नसला तर पूलच पडलाय म्हणायचे.

इकडे जंगलात सुखाचे दिवस आले. कुणी कुणाच्या अंगावर येईना. हे सगळं कुणामुळे? फ्लेक्सवरच्या दादांमुळे. हळूहळू लोक येताजाता फ्लेक्सला नमस्कार करू लागले. पहिलं फळ त्याच्यापुढे ठेवू लागले. पाणवठा समितीची निवडणूक आली तेव्हा फोटो एकमताने निवडून आला. रंगरावांनीही मत दिलं. न देऊन करतात काय, खडकावरून दौलतराव बघत होता. लोक त्यांना आता “काय रे, मालक काय म्हणतात?” असं विचारू लागले. आधी थट्टेने विचारत. मग थट्टा केव्हा संपली ते कुणाला कळलं नाही.

पुढच्या वर्षी वाढदिवस आला. फ्लेक्सला झेंडूच्या माळा घातल्या. रंगराव लवकर जाऊन त्याच्यासमोर उभे राहिले. गोरा, मऊ चेहरा वरून त्यांच्याकडे बघत होता. आपण याला एकदा तरी भेटायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं.

कौसल्याबाई ओल्या पानाने फ्लेक्स पुसत होती. कावळ्याने गॉगलवर घाण केली होती. ती हलक्या हाताने, जपून पुसत होती. मग तिने मागे वळून पाहिलं.

“अहो, जरा बाजूला सरका ना,” ती म्हणाली. “त्यांच्यावर सावली पडतेय तुमची.”

रंगराव सरकले.

तात्पर्य : फोटो सुधारताना हात आखडता घेऊ नये. थोडासा सुधारला तर लोक ओळखतात आणि हसतात. पुरता सुधारला तर खायला आलेल्यालाही आपण ओळखू येत नाही. आणि फोटो खरोखरच चांगला निघाला, तर त्याच्याकडे आपल्याला कायमची नोकरी मिळते.